पॅराप्रोफेशनल, शालेय

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमध्ये परवानाधारक शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकवण्याच्या व मुले सांभाळण्याच्या कामात मदत करणारा कर्मचारी. शाळेत त्याला नुसते ‘पॅरा’ म्हणतात. जिल्हा बदलला की टीचर एड, इन्स्ट्रक्शनल असिस्टंट अशी नावेही बदलतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः मिडल स्कूलमधील, म्हणजे सहावी ते आठवीच्या, गळतीच्या वाटेवर असलेल्या मुलांबरोबरच्या त्याच्या कामाविषयी आहे.

शिक्षकांच्या डोक्यावरचे कारकुनी ओझे कमी करावे म्हणून 1950 नंतरच्या दशकात मिशिगन राज्यातील बे सिटी येथे फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून मदतनीस नेमण्याचा प्रयोग झाला. या पदाला बळ मिळाले ते 1965 च्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्याने. गरीब वस्त्यांतील शाळांना केंद्राचा निधी मिळू लागला आणि त्याच वस्तीतल्या बायका, बहुधा विद्यार्थ्यांच्या आयाच, वर्गात कामाला आल्या. न्यूयॉर्क शहरात वेल्मा हिल यांच्या पुढाकाराने त्या शिक्षक संघटनेत आल्या. 1970 च्या करारात त्यांना पगारवाढीबरोबर महाविद्यालयात शिकण्याची सोयही मिळाली. अपंग मुलांच्या शिक्षणाचा 1975 चा कायदा आल्यावर मागणी आणखी वाढली. 2002 पासून, 1965 च्या कायद्याखालील केंद्रीय निधीवर चालणाऱ्या कार्यक्रमांत शिकवण्यास मदत करणाऱ्या पॅराला दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, तितक्याच तोलाची पदविका किंवा वाचन-लेखन-गणिताची परीक्षा, यांपैकी एक बंधनकारक आहे.

प्राथमिक शाळेत मूल दिवसभर बहुतांशी एकाच बाईंच्या नजरेखाली असते. सहावीत गेले की दर तासाला घंटा, दर घंटेला वेगळी खोली आणि सहा-सात शिक्षक. गणिताच्या सरांना गणितातले मूल दिसते, इंग्रजीच्या बाईंना इंग्रजीतले. अख्खे मूल कोणालाच दिसत नाही. रॉबर्ट बाल्फान्झ व सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियातील सहावीच्या मुलांचा माग अनेक वर्षे काढून 2007 मध्ये दाखवले, की 80 टक्के किंवा त्याहून कमी हजेरी, गणितात नापास, इंग्रजीत नापास आणि शाळेबाहेर निलंबन या चार खुणांवरून पुढे शिक्षण अर्धवट राहणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के मुले सहावीतच ओळखता येतात. या खुणा वेगवेगळ्या वह्यांत नोंदल्या जातात. मुलाबरोबर खोल्या बदलणारा पॅरा हा त्या एकत्र पाहू शकणाऱ्या मोजक्या मोठ्या माणसांपैकी एक.

अनेक शाळांत ‘चेक-इन, चेक-आउट’ ही पद्धत असते. सकाळी मूल पॅराला किंवा नेमलेल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला भेटते, दिवसाचे कार्ड घेते. प्रत्येक तासाचे शिक्षक त्यावर गुण देतात, सुटताना बेरीज होते आणि कार्ड सहीसाठी घरी जाते. कागद क्षुल्लक आहे. खरे काम सकाळच्या त्या दोन मिनिटांत होते: मूल जेवले आहे का, कालचेच कपडे अंगावर आहेत का, आज ते डोळ्याला डोळा का देत नाही. मिनेसोटा विद्यापीठात 1990 मध्ये सुरू झालेल्या ‘चेक अँड कनेक्ट’मध्ये तर एकच मार्गदर्शक किमान दोन वर्षे मुलाच्या मागे राहतो.

वर्गातले कसब मात्र दूर राहण्यात आहे. बारा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर मदत घेणे नापास होण्याहून लाजिरवाणे वाटते. अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर आहे आणि एका मुलाने वही उघडलेली नाही, असे समजा. मुरलेला पॅरा त्याच्याकडे थेट जात नाही. आधी पलीकडच्या बाकावर दुसऱ्याच मुलीचे गणित बघतो, मग जाता जाता त्याच्या वहीवर बोट टेकवतो, ‘पहिली दोन कर, मी येतो’ एवढेच पुटपुटतो आणि खरोखर निघून जातो. आधी थांबणे, मग खूण, मग शब्द आणि अगदी शेवटी हात, अशी मदतीची उतरंड प्रशिक्षणात शिकवतात. पेन्सिल स्वतःच्या हातात घेणे ही नवख्याची हमखास चूक. मायकेल जिआंग्रेको व सहकाऱ्यांनी 1997 च्या लेखात अपंग मुलांच्या संदर्भात हेच दाखवले होते: सतत कोपराशी बसलेल्या मदतनीसामुळे मूल वर्गमित्रांपासून तुटते, परावलंबी होते आणि वर्गशिक्षक ‘त्याचे बघायला कोणीतरी आहे’ म्हणून अंग काढून घेतात. हा शेवटचा दोष पॅराचा नव्हे. पण बोल बहुधा त्यालाच लागतो.

त्याच्या अधिकारांना कुंपण आहे. पाठाची आखणी आणि मूल्यमापन यांची जबाबदारी शिक्षकाची. मुलाच्या नोंदी 1974 च्या कायद्यानुसार गोपनीय असल्याने दुकानात भेटलेल्या शेजारणीला त्यातले काही सांगायचे नाही. उलट, घरी मारहाण होत असल्याचा संशय आला तर गप्प बसायचे नाही. ‘कोणाला सांगू नका’ असे मुलाने विनवले तरी ते वचन देता येत नाही.

मुंबईतील ‘प्रथम’ संस्थेची बालसखी ही याच कल्पनेची दूरची नातलग: वस्तीतलीच तरुणी, शाळेच्याच वेळेत दोन तास, मागे पडलेली पंधरा-वीस मुले. ती मात्र प्राथमिक वर्गांसाठी होती आणि मुलांना वेगळे बसवून शिकवीत असे. पॅरा बहुतेक वेळ भरल्या वर्गातच असतो.

पॅराचे वार्षिक वेतन साधारणतः शिक्षकाच्या निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक असते. एवढ्यावर भागत नाही म्हणून पुष्कळजण संध्याकाळी दुसरी नोकरी करतात. चांगला पॅरा शाळा सोडून जातो तो बहुतेकदा याच कारणाने, आणि वर्षाच्या मध्यात गेला तर सकाळचे कार्ड दुसऱ्याच कोणाच्या हातून मिळू लागते.