सोमनाथ सूर्यवंशी मृत्यू प्रकरण
विधी शाखेचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर २०२४ रोजी परभणीत न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला. शहरातील डॉ. आंबेडकर पुतळ्याजवळील संविधान-प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर ११ डिसेंबरच्या बंदला हिंसक वळण लागले होते. त्या प्रकरणी त्यांना अटक झाली होती.

सूर्यवंशी यांनी दंडाधिकाऱ्यांकडे मारहाणीची तक्रार केली नव्हती व त्यांना श्वसनाचा त्रास होता, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदले होते. कारागृहाआधी ते पोलीस कोठडीत असल्याने वादाचा रोख पोलिसांवर राहिला. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीतही पोलिसांनाच जबाबदार धरले गेले.

कोठडीतील मृत्यूची अशी चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ नुसार होते. पण अहवालानंतर पुढे काय करायचे, याची स्पष्ट कार्यपद्धती त्यात नाही. खरा कायदेशीर पेच हाच होता. सूर्यवंशी यांच्या आईच्या याचिकेवर प्रकाश आंबेडकर यांनी युक्तिवाद केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्यास राज्य शासनाने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै रोजी फेटाळले.