उन्हातली काळी रेघ

स्वयंपाक करताना मिठाचा कण गॅसवर पडतो आणि ज्योत क्षणभर पिवळी होते. मला अशा वेळी हटकून जर्मनीतलं हायडेलबर्ग आठवतं.

१८१४ साली फ्राउनहोफर या काचतज्ज्ञाने सूर्याच्या वर्णपटात पाचशेहून अधिक काळ्या रेघा टिपल्या. त्या का पडतात, हे त्याला उमगलं नाही. १८३५ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ कॉन्त यांनी तर ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही, असं लिहून टाकलं! १८५७ मध्ये ते वारले. आणखी दोनच वर्षं जगायला हवे होते.

१८५९ मध्ये हायडेलबर्गला किरखोफने उन्हाच्या वाटेत मिठाची ज्योत धरली. ज्योतीच्या पिवळ्या उजेडाने तिथली काळी रेघ भरून निघायला हवी होती. प्रखर उन्हात ती उलट अधिकच काळी झाली. सोडियम जो रंग देतं, तोच उन्हातून काढूनही घेत होतं. म्हणजे सूर्यावरही सोडियम होतं.

पण नेमका तोच रंग का? याचा उलगडा व्हायला १९१३ साल उजाडलं. नील्स बोर यांनी सांगितलं, अणूतल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्याच असतात. वरच्या पायरीवर जायला लागेल तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाशकण तो घेतो. कमी चालत नाही, जास्तही नाही. सोडियममध्ये हा हिशेब सुमारे ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशाशी जुळतो. घेतलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन लगेच सोडतो खरा, पण ती सगळी आपल्या दिशेने येत नाही. तेवढी तूट आपल्याला काळी दिसते.