केर कोणाच्या मालकीचा?

जुन्या नगरपालिका-कायद्यांतील जी कलमे सहसा कोणी वाचीत नाही, त्यांत केरकचऱ्याच्या मालकीचे कलम येते. मुंबई इलाख्याच्या १९०१ च्या डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल अ‍ॅक्टात नगरपालिकेची मालमत्ता कोणती हे सांगताना सार्वजनिक रस्ते, तळी आणि विहिरी यांच्या पंक्तीस रस्त्यांतून, घरांतून व शौचकुपांतून गोळा केलेली धूळ, राख, शेण आणि घाण बसविली आहे. घाणीवर हक्क सांगण्याची हौस कोणास असणार, असे वाचकांस वाटेल. परंतु कायदा करणारे विनोदी गृहस्थ नव्हते. त्या काळी केराला गिऱ्हाईक होते.

हुबळी व धारवाड या दोन्ही नगरपालिका १८५० च्या कायद्याखाली स्थापन झाल्या. हुबळीची १८५५ साली, धारवाडची १८५६ साली. त्या काळच्या घरात केर म्हणजे चुलीची राख, भाजीची देठे, शेण, पाचोळा आणि फार तर फुटके मडके. यातील मडके सोडले तर सारे शेतात जिरणारे. पुण्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मैल्याचे खत करून नगरपालिका ते विकीत असे. प्रथम नाके मुरडणारे शेतकरी मुठा कालव्याखालच्या उसाचे पीक पाहून पुढे त्यासाठी चढाओढ करू लागले. मराठीने त्या खतास 'सोनखत' म्हटले आहे, ते उगाच नव्हे. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो ही म्हण शेतकऱ्याच्या अनुभवातूनच निघाली.

मालकी नगरपालिकेची झाली, पण हात कोणाचे होते? येथे कायद्याची दुसरी बाजू दिसते आणि ती सुखावह नाही. झाडूवाल्यांनी पूर्वसूचना न देता काम सोडणे हा गुन्हा ठरविणारा कायदा मुंबईच्या कायदेमंडळाने १८९० साली केला. इतर मजुराने काम सोडले तर मालक सहसा पगार कापी. झाडूवाल्यास मात्र तुरुंगाची भीती. जे काम दुसरी कोणतीही जात करावयास तयार नव्हती, ते सोडण्याचे स्वातंत्र्यही ते करणाऱ्यास नसावे, या न्यायाला काय म्हणावे? कर्नाटकात डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा निश्चय सत्तरच्या दशकात मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी केला. आय. पी. डी. साळप्पा यांच्या समितीने १९७६ साली पाचशे लोकवस्तीमागे एक पौरकार्मिक असावा अशी शिफारस केली. तरीही नोकरी कायम व्हावी म्हणून २०२२ च्या जुलैत राज्यभरच्या पौरकार्मिकांना संप करावा लागला, तेव्हा कोठे सरकारने आश्वासन दिले. त्या दिवसांत ज्यांच्या दारातला केर उचलला गेला नाही, त्यांस हा इतिहास पुस्तकातून शिकण्याची गरज उरली नसेल.

दरम्यान केराचे स्वरूप पालटले. रासायनिक खत आले, शेतकऱ्याची गाडी गावाकडे रिकामी परतू लागली. मागाहून प्लास्टिक आले, आणि ज्या देठांना किंमत होती ती पिशवीत बांधली जाऊन कवडीमोल झाली. १९६२ साली दोन्ही शहरे व भोवतालची खेडी मिळून हुबळी-धारवाड महानगरपालिका झाली. मूळच्या गोकुळ खेड्याकडे जाणारा गोकुळ रोडही औद्योगिक वसाहत, विमानतळ आणि नवे बसस्थानक यांनी गजबजून गेला. शहराचा केर हुबळीत कारवार रोडच्या आणि धारवाडास होसयल्लापूरच्या मैदानावर साचत राहिला. मालमत्तेचे ओझे झाले, ते असे.

अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यातून २००० साली घनकचऱ्याचे नियम निघाले आणि २०१६ साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. ओला, सुका व घरगुती घातक असा केर घरातच वेगळा करावा, हे कर्तव्य त्यांनी नागरिकावर घातले. यावर आमच्या पक्षकारांची नेहमीची तक्रार अशी की, कर भरतो, मग निवड आम्ही का करावी? त्यांस आम्ही १९०१ च्या कलमातील एक शब्द दाखवितो : 'गोळा केलेली'. नगरपालिकेची मालकी गोळा केल्यापासून सुरू होते. उंबरठ्याच्या आत असेपर्यंत तो केर, कोंकणी घरातला 'कोयर', ज्याचा त्याचाच. नव्या नियमांनी नागरिकावर नवे ओझे लादले नाही. जुन्या कलमाचा जो अर्ध कोणी वाचीत नव्हता, तो मोठ्याने वाचून दाखविला. आणि आपण न निवडलेला केर शेवटी निवडला जातोच, पौरकार्मिकाच्या उघड्या बोटांनी, फुटक्या काचेसकट.

देवस्थानांच्या विश्वस्तांनी त्याच नियमांतील आणखी एक तरतूद लक्षात घेण्याजोगी होती. परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा समारंभ करावयाचा तर स्थानिक संस्थेस तीन कामाचे दिवस आधी कळवून केर वेगळा ठेवण्याची व्यवस्था आयोजकांनीच करावी, असे तीत होते. मंदिराच्या आवाराबाहेर मांडव घालून महाप्रसाद वाढणाऱ्या किती मंडळांनी असा अर्ज केला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. वास्तविक आपल्या परंपरेस वेगळे ठेवणे परके नाही. निर्माल्य केरात मिसळू नये, ते पायदळी येऊ नये, हा दंडक नियमांच्या कितीतरी आधीचा. निर्माल्याची निराळी टोपली ठेवणाऱ्या घरास दुसरी टोपली जड का व्हावी, हे आम्हांस उमगत नाही. लक्ष्मीपूजनास आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ती रोज हाती धरणाऱ्यास त्या दिवशी घरात बोलावून फराळाचे ताट वाढणारी घरे मात्र थोडी.

महाप्रसादाचे केळीचे पान गाईच्या तोंडी किंवा खताच्या खड्ड्यात जाते, त्याचा वाद कोणत्याही कचेरीपर्यंत येत नाही. वाद येतो तो पानाशेजारच्या पाण्याच्या पेल्याचा. प्लास्टिकचे असे पेले कर्नाटक सरकारने २०१६ साली आणि केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून बंद केले. पितळी तांब्या-भांडी मात्र बहुतेक देवळांच्या कोठारात अजून आहेत. घासावयास माणूस मिळत नाही, एवढेच कारण सांगितले जाते.