एक भाऊ, एक यमदूत

'मादागास्कर' (२००५) हा सिनेमा पाहिला असेल, तर राजा ज्युलियनच्या मागेमागे फिरणारा गुबगुबीत मॉरिस आठवत असेल. तो आहे आय-आय. सिनेमात त्याला सल्लागाराची नोकरी मिळाली, पण खऱ्या मादागास्करच्या बऱ्याच गावांत आय-आय दिसला म्हणजे कोणीतरी मरणार हे ठरलेलं! त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या वर्षावनात राहणाऱ्या इंद्रीला मात्र लोक चक्क भाऊबंद मानतात. दोघेही लेमूर, म्हणजे माकडांचे (आणि आपलेही) लांबचे नातेवाईक. मग एक यमदूत आणि एक भाऊ, असं का?

गंमत म्हणजे युरोपला या दोघांची ओळख एकाच पुस्तकातून झाली. पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने १७८२ साली आपलं प्रवासवर्णन छापलं, त्यात दोघेही आहेत. सोनेराच्या म्हणण्याप्रमाणे हा विचित्र प्राणी पाहून स्थानिक लोक जे ओरडले, तेच त्याचं नाव पडलं. (आपण 'आई आई गं' म्हणालो असतो!) शास्त्रज्ञांचाही गोंधळ उडाला. उंदरासारखे सतत वाढणारे दात पाहून १७८८ मध्ये त्याला खारीच्या खात्यात टाकलं गेलं. १८६३ मध्ये रिचर्ड ओवेनने त्याच्या शरीररचनेवर सविस्तर प्रबंध छापला आणि त्याची जागा लेमूरांतच असल्याचं पक्कं केलं.

सगळ्या भीतीचं मूळ म्हणजे त्याचं मधलं बोट. काटकीसारखं बारीक. त्याने आय-आय लाकडावर टकटक करतो, आवाजावरून आतली पोकळी ओळखतो, दातांनी भोक पाडतो आणि त्याच बोटाने अळी बाहेर काढतो. थोडक्यात, सुतारपक्ष्याचं काम. पण हे सगळं रात्रीच्या अंधारात, मोठ्ठे डोळे चमकवत. लोककथा म्हणते की हे बोट ज्याच्याकडे रोखलं तो मेला. म्हणून दिसताक्षणी मारायचं आणि काही ठिकाणी वाटेवर खांबाला टांगायचं, म्हणजे अपशकुन वाटसरूंबरोबर निघून जातो. १९३० च्या दशकात तर तो नामशेष झाला असंच मानलं जात होतं. १९५७ मध्ये तो पुन्हा सापडला आणि १९६६ मध्ये नऊ आय-आय नोसी मांगाबे नावाच्या छोट्या बेटावर नेऊन सोडले.

इंद्रीचं नशीब वेगळं. त्याचं स्थानिक नाव 'बाबाकोतो'. एक कथा अशी: दोन भाऊ जंगलात राहायचे. एक जंगल सोडून शेती करायला गेला, तो पहिला माणूस. दुसरा मागे राहिला, तो पहिला बाबाकोतो. इंद्री रोज सकाळी लांब सूर लावून गातात, कोसभर दूर ऐकू येईल असं. ते म्हणे त्या वाट चुकलेल्या भावासाठी रडणं! त्यामुळे इंद्री मारणं 'फादी', म्हणजे पूर्वजांनी निषिद्ध केलेलं. वनखातं जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून हा कायदा चालू होता. ना गार्ड, ना दंड, फक्त एक गोष्ट.

पण गोष्टीचा कायदा गोष्ट माहीत असणाऱ्यांनाच लागू होतो. बाहेरून सोन्याच्या शोधात आलेल्यांचा फादी वेगळा असतो, नव्या पिढीचा सैल झालेला असतो. पूर्वेकडच्या काही भागांत आता मांसासाठी इंद्री मारले जातात. आज आय-आय 'संकटग्रस्त' यादीत आहे, आणि लाडका इंद्री त्याच्याही पुढे, 'अतिसंकटग्रस्त' यादीत! त्यात इंद्री पिंजऱ्यात जगत नाही, कुठल्याही प्राणिसंग्रहालयात त्यांना टिकवता आलेलं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकअप नाही.

म्हणजे नुसती अंधश्रद्धा दूर केली की आय-आय वाचला आणि श्रद्धा जपली की इंद्री वाचला, इतकं सोपं हे नाही. दोघांचं घर एकच आहे आणि तेच संपत चाललंय. कोळशासाठी, लाकडासाठी आणि मुख्य म्हणजे 'तावी'साठी, म्हणजे जंगल जाळून तिथे भात लावायला. तावी करणाऱ्याला खलनायक ठरवणंही बरोबर नाही. त्याला घरी चार तोंडं भरायची असतात, आणि राखेतली जमीन काही वर्षांतच थकते, मग पुढचा तुकडा.

असो. लोककथेने हे कधीच सांगून ठेवलंय खरं तर. जंगल सोडून शेती करायला गेलेला तो भाऊ... त्याच्या शेताची हद्द आता दुसऱ्या भावाच्या झाडापर्यंत येऊन पोचलीये, इतकंच.