उत्साहाचा पत्रव्यवहार : विज्ञानकथेच्या वाचकमंडळींच्या इतिहासातील एक प्रकरण

वाचक हा साहित्यव्यवहाराचा घटक आहे हे मान्य करण्यास समीक्षेने बराच काळ घेतला. आणि मान्य केल्यावरही तिने वाचकाला बहुधा एकट्यालाच बसवले. हान्स रॉबर्ट याउस यांच्या १९६७ सालच्या कोन्स्टान्झ येथील व्याख्यानाने साहित्येतिहासात वाचकाच्या अपेक्षांना स्थान दिले. वोल्फगांग इझर यांचा अध्याहृत वाचक मात्र संहितेच्या पोटातच वास्तव्य करतो. स्टॅन्ली फिश यांनी अन्वयार्थ लावणाऱ्या समूहाची कल्पना मांडली खरी, परंतु त्या समूहातील माणसे एकमेकांशी बोलताना फारशी दिसत नाहीत. ती जणू एकाच शाळेतून शिकून स्वतंत्रपणे एकच उत्तर लिहितात. पुस्तक मिटल्यावर वाचक प्रत्यक्षात काय करतो? पुष्कळदा तो कोणाला तरी गाठतो आणि 'हे तू वाचलेच पाहिजेस' असे म्हणतो. या कृतीला आपल्या परिभाषेत धड नावही नाही. 'शिफारस' हा शब्द कोरडा आहे, 'प्रचार' हा भलताच.

संस्कृत साहित्यशास्त्राने रसिकाचा विचार अधिक आत्मीयतेने केला. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्याच्या अनुशीलनाने मनाचा आरसा स्वच्छ केलेला असतो, आणि हृदयसंवाद हा शब्द तर आपल्या विषयाच्या अगदी जवळ येतो. पण तो संवाद काव्य आणि सहृदय यांच्यामधला. नाट्यशास्त्रातील सिद्धिविचारात प्रेक्षकांचे स्मित, साधुवाद, रोमांच, आसनावरून उठणे या साऱ्यांची बारकाईने नोंद आहे. मात्र हे उद्गार रंगभूमीच्या दिशेने जातात, शेजारच्या प्रेक्षकाकडे नव्हे. दोन सहृदय प्रयोग संपल्यावर वाटेने काय बोलत गेले, हे शास्त्राने विचारलेले नाही.

विचारले असते तरी इतिहासकाराच्या हाती काही लागले नसते, कारण असे बोलणे हवेत विरते. त्याचा पुरावा हवा असेल तर मित्र एकमेकांपासून इतके दूर असले पाहिजेत की त्यांना लिहिण्यावाचून गत्यंतर उरू नये. अमेरिकेतील विज्ञानकथेच्या वाचकांचे उदाहरण म्हणूनच मोलाचे आहे.

ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' हे मासिक सुरू केले. लवकरच त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर आले आणि पत्राखाली लेखकाचा पत्ताही छापला जाऊ लागला. संपादकीय दृष्टीने ही क्षुल्लक बाब. परिणाम मात्र दूरगामी झाला. आपल्या गावात आपल्यासारखा वाचक नाही अशी समजूत असलेल्या मुलाला दुसऱ्या राज्यातील समानधर्म्याचा पत्ता मिळाला, आणि संपादकाला वगळून वाचक परस्परांना लिहू लागले. (भवभूतीला समानधर्मा भेटण्यासाठी निरवधी काळ आणि विपुल पृथ्वी यांवर भरवसा ठेवावा लागला, येथे टपालखात्याने काम भागवले.) १९३० साली अशाच एका पत्रव्यवहार-मंडळाने 'द कॉमेट' ही स्वतःची पत्रिका काढली. पुढे या प्रकाराला 'फॅनझीन' हे नाव १९४० साली मिळाले.

या पत्रिकांचे अर्थकारण समीक्षकाने मुद्दाम पाहावे असे आहे. अंक पैसे देऊन घेता येई. पण त्याऐवजी अंकावर अभिप्रायाचे पत्र लिहिणे, लेख किंवा चित्र देणे, अथवा आपली पत्रिका बदल्यात पाठवणे, हेही मूल्य म्हणून स्वीकारले जाई. म्हणजे वाचनाचा मोबदला वाचनाविषयीच्या लेखनाने चुकता होई. १९३७ साली डोनाल्ड वोलहाइम यांच्या पुढाकाराने निघालेल्या हौशी प्रकाशकांच्या संघात ही पद्धत टोकाला गेली. प्रत्येक सभासद आपल्या पत्रिकेच्या प्रती एका संपादकाकडे धाडी, तो सर्वांचे गठ्ठे बांधून सर्वांना परत पाठवी. पुढच्या गठ्ठ्यात मागच्या गठ्ठ्यावरचे अभिप्राय आणि त्याच्या पुढच्यात त्या अभिप्रायांवरचे अभिप्राय असत. मूळ कथा यात हळूहळू मागे पडे. हे वाचनाचे अपभ्रष्ट रूप मानायचे की परिणत, याविषयी मतभेद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाला ते टीकेवर टीका रचणाऱ्या आपल्या जुन्या परंपरेचे लांबचे नातलग वाटते.

सायक्लोस्टाइल यंत्र मराठी वाचकांना साठोत्तरी लघुअनियतकालिकांमुळे परिचित आहे. आपल्याकडे ते प्रस्थापित वाङ्मयाच्या नकारासाठी वापरले गेले. अमेरिकी पत्रिकांत त्याच जातीच्या यंत्रातून प्रेम बाहेर पडत होते. तथापि प्रेमाच्या या व्यवहाराला निरागस समजण्याचे कारण नाही. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा वोलहाइम आणि फ्रेडरिक पोल यांच्यासह सहा तरुणांना आयोजकांनी दारातूनच परत पाठवले. त्यांच्याच गटातले आयझॅक असिमोव्ह मात्र आत जाऊ शकले. भांडण राजकीय मतांचे होते तसेच व्यक्तिगत हेव्यादाव्यांचेही. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न वाङ्मयीन होता : एखाद्या कृतीवर प्रेम करण्याचा अधिकार कोणाचा, आणि ते कोणत्या पद्धतीने करायचे? उत्साह माणसांना जोडतो हे जितके खरे, तितकेच तो कुंपण घालतो हेही.

हे कुंपण स्त्रियांना विशेष जाणवले असावे. प्रारंभीच्या पत्रिकांत स्त्रिया होत्या, पण सूर पुरुषी होता. १९६६ साली 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी 'स्पॉकनेलिया' ही तिला वाहिलेली पत्रिका दोन स्त्रियांनी काढली. येथून चित्र पालटते. अभिप्रायाच्या जागी कथा येऊ लागली : मालिकेने जे प्रसंग अर्धवट सोडले, ज्या व्यक्तिरेखांना पुरेसे बोलू दिले नाही, त्यांची भरपाई प्रेक्षक-स्त्रिया स्वतः करू लागल्या. इझर ज्यांना संहितेतील रिकाम्या जागा म्हणतात त्या येथे मनातल्या मनात नव्हे, कागदावर आणि मैत्रिणींसाठी भरल्या गेल्या.

हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली या मंडळींवर ग्रंथ लिहिला तेव्हा मिशेल द सेर्तो यांची चोरट्या शिकाऱ्याची प्रतिमा उसनी घेतली. परक्याच्या रानात शिरून वाचक आपल्याला हवे ते उचलतो, ही ती प्रतिमा. पण जेन्किन्स यांनी तिला एक दुरुस्ती सुचवली, आणि ती महत्त्वाची आहे. द सेर्तो यांचा वाचक जे मिळवतो ते राखून ठेवत नाही. चाहत्यांचे वाचन मात्र परस्परांशी बोलण्यातून टिकून राहते, घट्ट होते. माझ्या मते ही दुरुस्ती प्रतिमेलाच मोडीत काढते. शिकार वाटून खाण्याची जागा ठरलेली असेल, रोज तिथे चूल पेटत असेल आणि स्वयंपाकाच्या रीतीवरून वाद होत असतील, तर त्या माणसांना भटके म्हणता येत नाही. ती वस्ती झाली.

वस्तीला स्वतःचे निकषही असतात. उत्साह आणि चिकित्सा यांचे वैर गृहीत धरणाऱ्यांनी १९७३ सालची एक छोटी विडंबनकथा पाहावी. पॉला स्मिथ यांनी 'मेनॅजरी' या चाहत्यांच्याच पत्रिकेत ती छापली. तिची नायिका मेरी स्यू ही वयाने पोरसवदा, ताफ्यातील सर्वांत लहान अधिकारी, सर्व कलांत निपुण. नायक तिच्यावर भाळतात आणि शेवटी तिच्या मृत्यूवर अश्रू ढाळतात. लेखिकेचे स्वप्नरंजन कथेत कसे घुसते, हे मैत्रिणींच्या लिखाणात वारंवार पाहून वैतागलेल्या वाचक-स्त्रीने हे लिहिले. 'मेरी स्यू' हे नाव पुढे समीक्षेची संज्ञा बनले. कोणत्याही विद्यापीठाने ती घडवलेली नाही. आणि या संज्ञेचा वचक इतका बसला की कर्तबगार स्त्री-व्यक्तिरेखा लिहिण्याचीच धास्ती वाटते, अशी तक्रारही पुढे त्याच मंडळींतून उमटली. ही तक्रारही छापली गेली, आणि तिला उत्तरे आली.