पीतबिंदूचा वयोजन्य ऱ्हास : नववाहिन्यांची वाढ

डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूखाली रंजितपटलातून नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवतात, तेव्हा त्या ऱ्हासाला ‘ओला’ प्रकार म्हणतात. वयोमानाने रंजितपटल आणि पडदा यांमधले ब्रूखचे पटल जाड होते, त्यात मेद साचतो आणि त्यावरच्या रंजक पेशींची उपासमार होते. या पेशी व्हीईजीएफ हे वाहिन्या वाढवणारे प्रथिन जास्त स्रवू लागतात आणि वाहिन्या पटल भेदून वर येतात. रुग्णाला दाराची चौकट वाकडी दिसते; वाचताना शब्दामधलीच अक्षरे नाहीशी होतात.

या वाहिन्या म्हणजेच रोग, असे दीर्घकाळ मानले गेले. त्या समजुतीतून लेसरने त्या जाळल्या जात. पण त्यांच्यासोबत वरचा पडदाही जळे आणि नजरेत कायमचा डाग राही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘मरीना’ चाचणीत व्हीईजीएफ रोखणाऱ्या रॅनिबिझुमॅबचे इंजेक्शन दरमहा घेणाऱ्या सुमारे 95 टक्के रुग्णांची नजर वर्षभर बव्हंशी टिकली. लटके इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण 62 टक्के होते. लक्षणीय बाब अशी की, या औषधाने मुरलेली वाहिनी सहसा नाहीशी होत नाही. तिचे झिरपणे थांबते. यावरून नजर जाते ती मुख्यत्वे गळतीमुळे, वाहिनीच्या नुसत्या असण्यामुळे नव्हे, असे म्हणता येते. ओसीटी अँजिओग्राफी या वाहिन्या दाखवणाऱ्या तपासणीत न झिरपणाऱ्या वाहिन्याही आढळतात, आणि काही निरीक्षणांत त्यांच्यावरच्या रंजक पेशी अधिक तग धरतात. वाहिनी ही उपाशी पेशींना रसद पुरवण्याची, बहुधा फसलेली, धडपड असावी.

मग उपचार कशाला, हा आक्षेप टिकत नाही. शांत वाहिनी पुढे झिरपण्याचा धोका मोठा असतो, आणि झिरपू लागल्यावर दिरंगाई परवडत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे : ‘सेव्हन-अप’ अभ्यासात उपचार सुरू झाल्यावर सुमारे सात वर्षांनी एक तृतीयांश डोळ्यांनी दृष्टितक्त्यावरची 15 किंवा अधिक अक्षरे गमावली होती, आणि जवळपास सर्वांच्या पीतबिंदूत पेशीक्षय होता. व्हीईजीएफ सतत दाबल्याचा हा परिणाम की मूळ रोगाची वाटचाल, याबद्दल मतभेद आहेत. मात्र गळती आवरूनही क्षय होतो, यावरून मुळाशी पेशींची उपासमारच आहे, हे मत बळावते.

बेव्हॅसिझुमॅब : व्हीईजीएफ रोखणारे, मूळचे कर्करोगावरील औषध, बरेच स्वस्त, 2011 च्या ‘कॅट’ चाचणीत दरमहा दिल्यास नजरेच्या बाबतीत रॅनिबिझुमॅबच्या तोडीचे ठरले.

ओल्या ऱ्हासाचा पॉलिपयुक्त प्रकार : आशियाई रुग्णांत अधिक, निदान इंडोसायनीन ग्रीन अँजिओग्राफीने.