सागवानी फ्रिगेटची 64 वर्षे

डिंडोलीतून सुरत शहरात रोज कामाला जाणाऱ्या मराठी माणसाला तापीकाठाचे आणि ब्रिटिश आरमाराचे नाते सहसा कोणी सांगत नाही. ते नाते सुतारांनी जोडले. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आपले कारागीर घेऊन मुंबईत आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीची सूत्रे पिढ्यान् पिढ्या त्या घराण्याकडे राहिली. 1793 मध्ये त्यांचे नातू जमशेटजी बमनजी आणि फ्रामजी माणेकजी गोदी सांभाळत होते. त्याच साली तिथे ‘बॉम्बे’ नावाची सागवानी फ्रिगेट पाण्यात उतरली.

तिची पहिली बारा वर्षे कंपनीच्या ‘बॉम्बे मरीन’ या आरमारात गेली. 1804 मध्ये कॅप्टन जॉन हेज यांच्या हाताखाली ती सुमात्राच्या मकी किल्ल्यावर गेली होती. 1805 मध्ये राजाच्या नौदलाने ती विकत घेतली. इथून दप्तर बदलते. कंपनीचे कागद संपतात, नौदलाचे सुरू होतात. 1808 मध्ये तिचे नाव बदलून ‘सिलोन’ झाले, त्यामुळे ‘बॉम्बे’ एवढेच शोधत गेलेल्याला ती पुढे सापडत नाही. तोफांचा आकडाही एक नाही: कुठे 38, कुठे 32, तर प्रत्यक्ष लढाईच्या वर्णनात 40. दर्जाची नोंद आणि खरोखर चढवलेल्या तोफा यांत त्या काळी असा फरक असे, म्हणून मी यातला कोणताही आकडा चुकीचा धरत नाही.

तिच्याबद्दल सर्वाधिक लिहिले गेले ते 18 सप्टेंबर 1810 या एका दिवसाबद्दल. महिन्याभरापूर्वीच मॉरिशसच्या ग्राँ पोर्टजवळ इंग्रजांनी फ्रेंचांशी लढताना चार फ्रिगेट गमावल्या होत्या. मद्रासहून जनरल अ‍ॅबरक्रॉम्बी यांना घेऊन ‘सिलोन’ त्या पाण्यात पोचली, आणि फ्रेंच अधिकारी अमलाँ यांच्या 44 तोफांच्या ‘व्हेनस’ने तिचा पाठलाग धरला. मध्यरात्रीनंतर मारा सुरू झाला. दोन्ही जहाजांच्या डोलकाठ्या कोसळल्या. पहाटे ‘व्हिक्टर’ हे दुसरे फ्रेंच जहाजही जवळ आल्यावर ‘सिलोन’चे कॅप्टन गॉर्डन यांनी निशाण उतरवले. ‘सिलोन’वर 10 ठार, 31 जखमी. पण लंगडी झालेली ‘व्हेनस’ पकडलेले जहाज घेऊन वेगाने निघू शकली नाही. इंग्रज अधिकारी रोली यांची ‘बोडिशिया’ त्याच दिवशी येऊन भिडली आणि संध्याकाळपर्यंत ‘सिलोन’ परत इंग्रजांकडे आली, ‘व्हेनस’ही हाती लागली. पुढे कोर्टमार्शलने गॉर्डन यांना सन्मानाने निर्दोष ठरवले. माझ्या मते ते योग्यच होते. रात्रभर त्यांनी शत्रूची चाल मोडली नसती, तर रोली यांना ‘व्हेनस’ सापडली नसती. डिसेंबरात अ‍ॅबरक्रॉम्बी यांच्या फौजेपुढे मॉरिशस शरण आले, त्या मोहिमेच्या ताफ्यात दुरुस्त झालेली ‘सिलोन’ही होती.

नंतर तिचा उपयोग सैन्य वाहण्यासाठी झाला. 1815 मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनाला नेणाऱ्या ताफ्यात ती सैनिक घेऊन गेली. 1832 पासून तिच्याकडे बंदरातली कामे आली आणि 1857 मध्ये माल्टा येथे ती विकली गेली.

कॅप्टनांची नावे या कागदांत पानोपानी आहेत. सुतारांपैकी फक्त वाडियांचे नाव टिकले. तासणी आणि करवत चालवणाऱ्या इतरांची नावे त्यांत नाहीत. पण 1805 सालीच त्या गोदीतून नौदलासाठी ‘पिट’ ही नवी फ्रिगेट उतरली आणि 1810 मध्ये 74 तोफांचे ‘मिंडेन’. त्यांच्या हातावरचा नौदलाचा भरवसा या मागण्यांतून दिसतो.